हृदयाची परीक्षा

मनुष्य झोपी जातो, पण त्याचे हृदय झोपी जात नाही. शेतात राबणारे हात संध्याकाळी विसावतात, दिवसभर चाललेले पाय रात्री अंथरुणावर पसरतात, डोळे मिटतात. पण छातीच्या पिंजऱ्यात, किंचित डाव्या अंगाला असलेला हा मुठीएवढा मांसल गोळा आपले काम क्षणभरही थांबवीत नाही. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ७० ते ७२ ठोके देते. हिशेब केला तर दिवसाकाठी हे ठोके सुमारे १,००,००० भरतात. दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ते शरीरभर खेळविते आणि या श्रमाबद्दल कधी कुरकुर करीत नाही.

असा हा अखंड राबणारा सेवक आजारी पडला, तर ते ओळखावे कसे? डोळा आला तर लाल दिसतो, पाय मुरगळला तर सुजतो. हृदय मात्र बरगड्यांच्या आड दडलेले असते. ते उघडून पाहणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. म्हणून वैद्यकशास्त्राने त्याला बाहेरूनच प्रश्न विचारण्याच्या अनेक युक्त्या शोधून काढल्या. रुग्णालयात हृदयाच्या ज्या तपासण्या होतात, त्या म्हणजे हेच प्रश्न होत. ते प्रश्न कोणते, आणि हृदय त्यांची उत्तरे कशी देते, हे आपण या पाठात पाहू.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन हे आमचे गाव आहे. अलीकडे आमच्या शिवारात मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे; तरी भोवतालच्या शेतकऱ्याचे लक्ष अजून विहिरीवरच्या पंपाकडेच असते. समजा, मोसंबीच्या बागेला पाणी पुरेसे पोहोचेनासे झाले. जाणता शेतकरी काय करतो? तो आधी कान देऊन पंपाचा आवाज ऐकतो. मग वीज बरोबर येते की नाही, ते पाहतो. झडपा नीट उघडतात आणि मिटतात ना, याची खात्री करून घेतो. पुरा भार पडल्यावर पंप दम सोडतो की काय, हे तो चालवून बघतो. शेवटी नळ्या क्षाराने किंवा गाळाने तुंबल्या आहेत का, याचा शोध घेतो. हृदय हाही एक पंपच आहे, आणि डॉक्टरही बहुधा याच वाटेने जातात.

पहिला प्रश्न बोटांनी आणि कानांनी विचारला जातो. आमच्या लहानपणी खेड्यापाड्यांत हृदयाची परीक्षा म्हणजे एवढीच असे. वैद्य मनगटावरची नाडी पाहत, डॉक्टर छातीला नळी लावीत. ही नळी म्हणजे स्टेथोस्कोप. फ्रान्समधील डॉक्टर रने लाएनेक यांनी १८१६ साली ती प्रथम शोधली. त्या काळी डॉक्टर रोग्याच्या छातीला कान लावून ठोके ऐकत असत. एका तरुण स्त्रीला तपासताना लाएनेक यांना तसे करणे प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीला व दुसरे आपल्या कानाला लावले. आणि काय आश्चर्य! ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले.

या नळीतून ‘लब्-डप्, लब्-डप्’ असा आवाज येतो. हा आवाज हृदयाच्या झडपा मिटण्याचा असतो. हृदयात चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात. अलिंद व निलय यांच्यामधल्या झडपा मिटल्या की ‘लब्’ होते. निलयांतून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या की ‘डप्’ होते. एखादी झडप गळत असली किंवा अरुंद झाली असली, तर या दोन ठोक्यांच्या आसपास सुसाट्यासारखा आवाज येतो. सरावलेला कान तो अचूक टिपतो.

नाडीच्या जोडीला रक्तदाब मोजला जातो. दंडाला पट्टा बांधून तो हवेने फुगवितात आणि मग हवा हळूहळू सोडतात. रक्त नळीच्या भिंतीवर किती जोराने दाब देते, हे त्यावरून कळते. निरोगी प्रौढ माणसाचा रक्तदाब साधारणतः १२० आणि ८० या आकड्यांच्या आसपास असतो. यातला पहिला आकडा हृदय आकुंचन पावते त्या वेळचा, आणि दुसरा ते सैल पडते त्या वेळचा. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा मुळीच दुखत-खुपत नाही. तो मोजल्यावरच कळतो. आणि कळला तर त्यावर उपाय करता येतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहून, आपल्या देशातील सर्पगंधा या वनस्पतीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे जगाच्या नजरेस आणून दिले. पुढे याहून चांगली औषधे निघाली. परंतु आधी मोजावे आणि मग उपाय करावा, हा क्रम मात्र बदललेला नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. आपल्या हृदयात वीज असते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून प्रत्येक ठोक्यापूर्वी विजेची एक अत्यंत सौम्य लहर निघते आणि ठरलेल्या वाटेने सर्व हृदयात पसरते. ती पोहोचली की स्नायू आकुंचन पावतो. या लहरीचा क्षीण अंश त्वचेपर्यंत येऊन पोहोचतो. लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली मनुष्याच्या हृदयातील विजेची प्रथम नोंद केली. वॉलर यांचा जिमी नावाचा एक कुत्रा होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते हा प्रयोग लोकांना दाखवीत. यात प्राण्याचा छळ होतो, अशी शंका इंग्लंडच्या पार्लमेंटात १९०९ साली काढण्यात आली. समुद्राच्या पाण्यात पाय बुडविल्याने जेवढा त्रास होतो तेवढाच कुत्र्याला होत असेल, अशा अर्थाचे मिस्कील उत्तर मंत्र्यांनी दिले!

हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कामासाठी अतिशय सूक्ष्म यंत्र तयार केले. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला काचेसारखा बारीक तंतू हे त्या यंत्राचे मर्म होते. तंतू केसाहून बारीक; पण यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, आणि ते चालवायला पाच माणसे लागत. एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेता येईना, म्हणून १९०५ साली आइंटहोव्हेन यांनी सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णांच्या हृदयाच्या लहरी आपल्या प्रयोगशाळेत आणवून उमटविल्या. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच यंत्र दप्तराएवढे झाले आहे, आणि खेड्यातल्या दवाखान्यात काढलेला आलेख मोबाइलवरून शहरातील तज्ज्ञाला घटकाभरात दाखविता येतो.

या आलेखालाच ई.सी.जी. म्हणतात. तो काढताना मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी सहावीत शिकणारी नात मला म्हणाली, “आबा, तुम्ही हल्ली जिन्यात मध्येच का थांबता?” खरोखरच चार-आठ दिवस जिना चढताना छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटे आणि थांबलो की ते नाहीसे होई. पोरीने ते नेमके हेरले होते. त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरांना दाखविले आणि त्यांच्या सल्ल्यावरून शहरातील एका रुग्णालयात गेलो. तेथे माझ्या आधी एक वृद्ध शेतकरी खाटेवर निजले होते. हातापायांना चिमटे आणि छातीवर लहान लहान वाट्या लागलेल्या पाहून ते घाबरून गेले. तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, “माय, करंट तर नाही ना लागणार?” ती हसून म्हणाली, “नाही बाबा. हे यंत्र तुम्हांला वीज देत नाही. तुमचीच वीज कागदावर लिहून घेते. तुम्ही फक्त हलू नका.” बाबा निश्चिंत झाले. पाच मिनिटांत त्यांची तपासणी संपलीसुद्धा.

हातापायांना चार आणि छातीवर सहा, असे दहा स्पर्शबिंदू जोडून यंत्र हृदयाकडे बारा बाजूंनी पाहते. आलेखाचा कागद चौकटींचा असतो आणि साधारणतः सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे ५ मिलिमीटरची एक मोठी चौकट ओलांडायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि एका मिनिटात अशा ३०० चौकटी होतात. आता एक गणित करा. आलेखातील दोन उंच टोकांमध्ये चार मोठ्या चौकटी असतील, तर हृदय मिनिटाला किती ठोके देत असेल? ३०० ला ४ ने भागा. उत्तर ७५. डॉक्टरही असाच हिशेब करतात. ठोक्यांची लय बिघडली आहे का, स्नायूला रक्त कमी पडते आहे का, एखादा भाग पूर्वी दुखावला आहे का, हे या रेषांच्या चढउतारावरून ओळखता येते.

परंतु ई.सी.जी. म्हणजे काही सेकंदांची साक्ष होय. त्या क्षणी दुखत नसेल तर आलेख निर्दोष येऊ शकतो. माझाही तसाच आला. म्हणून डॉक्टरांनी तिसरा प्रश्न विचारला : पंपाच्या भिंती आणि झडपा कशा हलतात? या तपासणीला इको म्हणतात. इको म्हणजे प्रतिध्वनी. वटवाघूळ अंधारात बारीक चीत्कार करते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाटेतील वस्तू ओळखते. येथेही तसेच घडते. छातीवर थंडगार चिकट द्रव लावून डॉक्टर एक लहानसे उपकरण फिरवितात. त्यातून सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपने असलेला ध्वनी छातीत शिरतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही. हृदयाच्या भिंतींवर आपटून तो परत येतो आणि पडद्यावर चालत्या हृदयाचे चित्र उमटते. स्वीडनमधील लुंड येथे डॉक्टर इंगे एडलर आणि शास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली या युक्तीचा हृदयासाठी प्रथम उपयोग केला. तिची कल्पना आली कोठून, माहीत आहे? जहाजांच्या कारखान्यात! लोखंडाचे सांधे आतून भेगाळले आहेत का, हे तपासण्यासाठी तेथे अशा ध्वनीचे यंत्र वापरीत असत.

पडद्यावर झडपा पाखराच्या पंखांसारख्या उघडमीट करताना दिसतात. डाव्या निलयात साठलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, हेही मोजता येते. निरोगी हृदय शंभर भागांपैकी साधारण साठ भाग बाहेर लोटते. ही संख्या फार खाली गेली, तर पंप थकला आहे असे समजावे. इकोत काहीही टोचावे लागत नाही आणि काही दुखतही नाही.

चौथा प्रश्न भाराचा. बैलाची परीक्षा गोठ्यात होत नाही, औताला जुंपल्यावर होते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय पुष्कळदा आपले दुखणे झाकून ठेवते. श्रम पडले की ते उघडे पडते. यासाठी माणसाला फिरत्या पट्ट्यावर चालवितात. ही ट्रेडमिलची चाचणी होय. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढविला जातो. छातीवर ई.सी.जी.च्या तारा असतात, दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो, आणि जाणकार माणसे शेजारी उभी असतात. त्रास होऊ लागला तर पट्टा तत्काळ थांबवितात.

जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्यावर ही परीक्षा देण्याची पाळी माझ्यावर आली. पहिली तीन मिनिटे मजेत गेली. पुढची तीन मिनिटे धाप लागली. सातव्या मिनिटाला छातीवर तेच जिन्यातले ओझे येऊन बसले. आणि त्याच वेळी, इतका वेळ निर्दोष असलेली कागदावरील रेषा खाली झुकली. डॉक्टरांनी पट्टा थांबविला. पंपाची वीज ठीक होती, झडपा ठीक होत्या. पण भार पडला की त्याला काहीतरी कमी पडत होते.

काय कमी पडत होते? येथे पाचवा प्रश्न येतो, तो नळ्यांचा. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतेच. ते रक्त हृदयावर वेलीसारख्या पसरलेल्या बारीक रोहिणींतून येते. वय, तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातील फाजील चरबी यांमुळे या रोहिणींच्या भिंतींवर थर जमतो आणि ठिबकच्या नळीसारखी वाट अरुंद होते. स्वस्थ असताना तेवढे रक्त पुरते. चढ चढताना पुरत नाही. थर फाटून तेथे रक्ताची गाठ बनली, तर वाट एकदम बंद होते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटका आला की दुखावलेल्या स्नायूतील काही द्रव्ये रक्तात उतरतात. म्हणून अशा वेळी रक्तही तपासतात.

रोहिणी आतून पाहण्याची तपासणी म्हणजे अँजिओग्राफी. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक लवचीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून एक विशिष्ट द्रव सोडतात आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने रोहिणींचे चित्र घेतात. जेथे वाट अरुंद, तेथे चित्रातील रेषाही अरुंद दिसते. नळी हृदयापर्यंत नेता येते, हे प्रथम कोणी दाखविले? जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी. १९२९ साली त्यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी आत घातली आणि तशाच स्थितीत क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन तिचे टोक हृदयात पोहोचल्याचे छायाचित्र काढविले. हे साहस कोणीही अनुकरण करण्याजोगे नव्हे. त्यांच्या वरिष्ठांनाही ते रुचले नाही. परंतु त्यातून एक नवी वाट उघडली, आणि १९५६ साली त्यांना इतर दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ साली अमेरिकेतील मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रोहिणींची स्पष्ट चित्रे घेण्याची रीत रूढ केली.

ही तपासणी आधीच्या तपासण्यांइतकी साधी नाही. तिच्यात थोडी जोखीम असते. म्हणून गरज असेल तेव्हाच आणि तज्ज्ञांच्याच हातून ती होते. नळी घालण्याच्या जागी बधिर करतात. रुग्ण जागाच असतो आणि डॉक्टरांशी बोलतही असतो. माझ्या एका रोहिणीत अडथळा सापडला. तो दूर करून त्या जागी जाळीची एक चिमुकली नळी बसविण्यात आली. तिला स्टेंट म्हणतात. आता औषधे चालू आहेत आणि मी जिना न थांबता चढतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. एकीचे उत्तर दुसरीकडून मागून चालत नाही. कोणत्या रुग्णाला कोणता प्रश्न विचारावा, हे डॉक्टर ठरवितात. सर्वांना सर्व तपासण्या लागतात असे नाही. पुष्कळांचे काम पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच भागते, आणि छातीत दुखणे प्रत्येक वेळी हृदयाचेच असते असेही नाही.

पण ते हृदयाचे नाही, असे घरच्या घरी ठरविणे धोक्याचे असते. आपल्याकडे छातीत दुखू लागले की ‘वात धरला असेल’ असे म्हणून ओवा चावतात आणि भिंतीला टेकून बसतात. कामाचा दिवस बुडेल, पैसा खर्च होईल, पोरे घाबरतील, या विचाराने वडील माणसे दुखणे गिळतात. रोहिणी बंद पडली की हृदयाचा स्नायू दर मिनिटाला थोडा थोडा मरत जातो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. वाट जितकी लवकर उघडेल, तितके हृदय अधिक वाचते. म्हणून छाती आवळल्यासारखी वाटणे, वेदना हात, मान किंवा जबडा यांकडे जाणे, दरदरून घाम फुटणे, अकारण धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ दवडू नये. मधुमेही माणसाला तर कधी कधी वेदना होतच नाही. नुसती धाप किंवा थकवा जाणवतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता रुग्णवाहिका येते. जवळच्या रुग्णालयात आधी ई.सी.जी. काढून घ्यावा. त्या वेळच्या औरंगाबादेत १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो. अशी मोठी रुग्णालये गरिबांसाठीही उघडी असतात.

मुलांनो, तुम्ही डॉक्टर नाही, आणि घरातल्या कोणाला औषध देणे हे तुमचे काम नाही. पण तुमचे डोळे तीक्ष्ण आहेत. आजोबा वाटेत थांबू लागले, आजीला चार पायऱ्यांत धाप लागू लागली, वडील शेतातून येऊन छाती चोळीत बसले, तर ते आधी तुमच्याच लक्षात येते. ते मनात ठेवू नका. घरातील मोठ्यांना त्याच क्षणी सांगा. कोणी तपासणीला घाबरत असेल, तर यंत्र काय करते ते तुम्ही त्यांना समजावून सांगू शकता. आणि आज हा पाठ संपल्यावर आपल्या मनगटावर तीन बोटे ठेवून एक मिनिटभर नाडी मोजा. मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. तुमच्या हृदयाला विचारलेला तो तुमचा पहिला प्रश्न असेल.